हद्द स्वयंपाकघरातून गेली

आम्ही जागा घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा घरात माणसं तीन होती आणि मतं अडीच. नवरा म्हणायचा, घेऊन टाकू. मी म्हणायचे, घेऊ. आणि सासूबाई म्हणायच्या, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे होकारही नसतो आणि नकारही नसतो. कापड बेतण्याआधी भिजवून घेतात ना, तसला तो प्रकार असतो.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्याच्याच वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. खाली माझं मशीन, शेजारी पाव भाजणाऱ्याची भट्टी, त्यामुळे वर कायम ऊब आणि कायम खडखड. नवरा बसचालक आहे. शहरातून निघून गावांमधून जाणारी, शेवटी जिथे रस्ताच संपतो तिथून वळून येणारी अशी त्याची बस. त्या शेवटच्या थांब्याजवळ, उतारावरच्या एका कुंपणाला त्याने 'विकणे आहे' अशी पाटी पाहिली. आधी रोज नुसती पाहिली. मग एके दिवशी बस वळवायच्या आधी उतरून कुंपणावरून आत डोकावला. रात्री जेवताना म्हणाला, "अंजिराची झाडं आहेत. खाली ओढा आहे. आणि आवाज म्हणून नाही."

मालक आमच्याच बाजारपेठेतला घड्याळजी निघाला. जागा त्याच्या काकांची, काका गेल्यावर याच्याकडे आलेली. हा तिथे कधी राहिला नव्हता. डोळ्यांना भिंग लावून दिवसभर स्प्रिंगा आणि चक्रं बसवणारा हा माणूस. उतारावरच्या जमिनीचं तो काय करणार?

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं जागा बघायला गेलो. घर लहानच. दोन खोल्या, पडवी, आणि एका बाजूला नंतर जोडलेलं स्वयंपाकघर. छप्पर गळत होतं, ते घड्याळजीने स्वतःहूनच सांगितलं. पण त्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे रुंद खिडकी होती आणि तिच्यातून सगळ्या ओट्यावर उजेड सांडलेला. मनातल्या मनात माझं तिथे मशीन मांडूनही झालं. दिवसा दिवा न लावता सुईत दोरा ओवता येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात.

खिडकीबाहेर तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे एक तळं. तळ्यात बदकं. काठावर एक म्हातारी बाई बादली घेऊन उभी होती. मी हात केला. तिने बघितलं, बादली उचलली आणि पाठ फिरवून चालू लागली.

"त्या अशाच आहेत," घड्याळजी म्हणाला. "एकट्या राहतात. बदकंच त्यांचा गोतावळा."

तेवढ्यात सासूबाई कुठे दिसेनात. बघतो तर काठी टेकत कुंपणाच्या कडेकडेने चालल्यात. पार ओढ्यापर्यंत जाऊन आल्या आणि दम खात घड्याळजीला म्हणाल्या, "ही हद्द कुणी ठरवली?"

"कुंपण आहे की आजी."

"कुंपण दिसतंय मला. मी हद्द विचारतेय."

घड्याळजी हसला. लहानपणापासून कुंपण इथेच पाहिलंय, एवढंच तो सांगू शकला. परतताना बसमध्ये सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "आधी मोजणी करा, मग पुढचं बोला."

मोजणीचा खर्च कळला तेव्हा मात्र नवऱ्याचा जेवणावरचा हात थांबला. मोजणीदार बाईंच्या कचेरीतून आकडा आला होता. आम्ही छपरासाठी जे पैसे बाजूला काढले होते त्यातले जवळपास निम्मे त्यात गेले असते.

"एवढे? नुसतं मोजायला?" तो म्हणाला. "माझ्याकडे टेप आहे, हिच्याकडे टेप आहे. एक टोक हिने धरायचं, एक मी."

मी बाईंना फोन लावून विचारलं होतं, ते त्याला सांगितलं. जमीन उताराची आहे, मध्ये झाडं आहेत, ओढ्याचा काठ वाकडातिकडा आहे. जुन्या हद्दीचे दगड जागेवर दिसत नाहीत. म्हणजे आधी सरकारी दप्तरातले जुने नकाशे काढायचे, शेजारच्या जमिनींचेही काढायचे, मग तिथे येऊन यंत्राने मोजायचं, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत पुन्हा यायचं. बाई म्हणाल्या होत्या, टेप कुणीही धरेल, पण टोक कुठे धरायचं हेच शोधायचे पैसे आहेत.

"बोलायला चांगल्या आहेत," नवरा म्हणाला. "पण छप्पर? पहिल्याच पावसात डोक्यावर घमेली धरून बसायचं का?"

त्याचंही चुकत नव्हतं. सासूबाईंनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायल्या.

"माझी ती ठेव आहे ना बँकेत," त्या म्हणाल्या, "ती मोडा."

"आई, ती तू तुझ्या शेवटासाठी ठेवलीयस."

"हो. मी मरायचं जरा पुढे ढकलते."

मला हसू आलं. नवऱ्याला नाही आलं. त्याने ताट सरकवलं. "तुला एवढं काय पडलंय त्या मोजणीचं? माणूस सरळ आहे. कुंपण समोर आहे."

मग सासूबाईंनी जे सांगितलं ते त्यांच्या पोटच्या मुलानेही कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या माहेरी, घरामागे, शेजाऱ्याच्या आणि त्यांच्या वडिलांच्या जमिनींच्या मधे एक पट्टी होती. एका खाटेच्या रुंदीची. ती कुणाची, यावरून दोघांचं वाजलं. कुंपण एकाने पाडलं, दुसऱ्याने उभारलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि दोघंही मरेपर्यंत तिथेच राहिलं.

"शेजाऱ्याची मुलगी माझ्याच वयाची," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी एकाच बाहुलीशी खेळायचो. एक दिवस वडिलांनी सांगितलं, तिच्याशी बोलायचं नाही. मग शाळेत एका बाकावर बसून आम्ही बोलत नव्हतो. तिच्या लग्नाचा मांडव मी खिडकीतून बघितला. दोघींचेही बाप सरळच होते रे. सरळ माणसांचंच जास्त वाजतं, कारण दोघांनाही वाटतं आपलं खरं."

त्यानंतर त्या हात धुवायला उठल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा टाकून त्यांना बँकेत नेलं.

घड्याळजीला हे रुचलं नाही. त्याच्या दुकानात मी आणि नवरा गेलो तेव्हा त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, पण हातातला चिमटा खाली ठेवला नाही.

"माझ्यावर विश्वास नाही, असंच ना?"

"तुमच्यावर आहे," मी म्हटलं. "तुमच्या काकांच्या कुंपणावर नाही."

"दुसरं एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. गोदाम बांधायचंय त्याला. ना मोजणी मागतोय, ना काही. ओढ्याच्या बाजूने पक्की भिंत घालणार म्हणतो."

आता हा त्यालाच देणार, असं मला वाटलं. पण तो थोडा वेळ चिमट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. काकांना ते गोदाम आवडलं नसतं."

मोजणीदार बाई सकाळीच आल्या. पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर कापडी टोपी, आणि सोबत त्यांचा जुना मदतनीस, हातात उंच पट्टी घेतलेला. तिपाईवर यंत्र बसवलं, डोळा लावला, पट्टीवाल्याला हाताने डावी-उजवीकडे सरकवू लागल्या. आम्हाला वाटलं होतं तासाभराचं काम असेल. उन्हं कलली तरी त्या अजून अंजिराच्या मुळांशी गुडघे टेकून माती उकरत होत्या. शेवटी मुळांच्या बेचक्यात एक दगड सापडला. त्यावर कोरलेली फुली मातीने बुजलेली. बाईंनी ती पेनाच्या टोपणाने साफ केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा सापडला म्हणून बरं झालं. आता बाकीचं जमेल." त्यांना झालेला आनंद अगदी एखादा उसवलेला धागा सरळ निघाल्यावर मला होतो तसाच होता.

पण त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. कागदाशी ताडून बघते म्हणाल्या. आठवड्याने पुन्हा आल्या त्या लाल फडकी बांधलेल्या खुंट्या घेऊन, आणि त्या वेळी घड्याळजीलाही यायला सांगितलं होतं.

एक खुंटी ओढ्याजवळ ठोकली. ती कुंपणाच्या बरीच पलीकडे होती. म्हणजे ओढ्याच्या बाजूला आमची जमीन कुंपणापेक्षा जास्त होती. नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरी खुंटी रस्त्याजवळ, कुंपणाच्या अलीकडे. आणि तिसरी खुंटी ठोकायला बाई जागा शोधू लागल्या तेव्हा त्या चालत चालत थेट घरापाशी आल्या, भिंतीला हात लावला, आणि आत स्वयंपाकघरात शिरल्या. मागोमाग आम्ही. बाईंनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर एक तिरपी रेघ ओढली. रेघ दारापासून निघून ओट्याच्या मधून खिडकीच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन भिडली.

"हद्द इथून जाते," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर मी कापडावर खडूने रेघा मारल्यात, पण रेघ बघून पाऊल मागे घ्यायची ती पहिली वेळ.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे चूल तुमच्याकडे. बेसिन आणि खिडकी शेजारच्या जमिनीत."

घड्याळजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला. "मी तुम्हाला अर्धं स्वयंपाकघर विकत होतो," तो म्हणाला. "देवाशपथ मला माहीत नव्हतं."

त्याला माहीत नव्हतं हे आम्हाला दिसतच होतं. बाईंनी तेव्हा सांगितलं की जुन्या नकाशांवरून काय घडलं असावं याचा त्यांना अंदाज आहे. कधीतरी ओढ्याला पूर येऊन काठाकडचे हद्दीचे दगड वाहून गेले असणार. नंतर दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून नजरेच्या अंदाजाने कुंपण घातलं असणार. ते तिरकं पडलं. एका टोकाला याचं तिकडे गेलं, दुसऱ्या टोकाला तिचं इकडे आलं. आणि मग काकांनी कुंपणाच्या आत बिनधास्त स्वयंपाकघर वाढवलं.

शेजारणीला बोलवावंच लागलं. बाईंनीच जाऊन आणलं. ती बदकंवाली बाई दारात उभी राहून रेघेकडे बघत राहिली. ओले बूट, कोपरावर विरलेला लोकरी कोट, तोंड घट्ट मिटलेलं.

"म्हणजे हे बेसिन माझं?" तिने विचारलं.

"कागदाप्रमाणे हो," मोजणीदार बाई म्हणाल्या.

"हे कुंपण घातलं तेव्हा माझे यजमान होते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "याचे काका आणि ते, दोघांनी दोरी धरली होती. दिवसभर हसत होते." मग आमच्याकडे वळली. "मला विचार करू दे." आणि गेली.

परतीच्या बसमध्ये नवरा आपल्याच सहकाऱ्याच्या मागच्या सीटवर बसून होता. थांबा आला तेव्हा म्हणाला, "मोजणी केली नसती तर आपण छप्पर घातलं असतं. नवंकोरं. त्या बाईच्या जमिनीवर." मग आणखी काही वेळाने, "आईला आज काहीतरी गोड न्यायला पाहिजे."

दिवस जात होते, महिना सरत आला होता आणि तळ्याकडून काही निरोप नव्हता. मी घड्याळजीला भेटायला गेले. त्याला मोकळं करायचं असं आम्ही ठरवलं होतं. त्या गोदामवाल्याला मोजणी नकोच होती, त्याने जागा आहे तशी घेतली असती.

"त्याला कशी विकू?" घड्याळजी म्हणाला. "आधी मला माहीत नव्हतं तेव्हा ती चूक होती. आता माहीत झालंय, आता विकलं तर फसवणूक. तुम्ही मोजणी केली आणि मला अडकवून ठेवलंत." पण हे बोलताना तो रागावलेला नव्हता. "खरं सांगू का, वाचवलंत. पुढे कधीतरी भिंत पाडायची वेळ आली असती आणि शिव्या माझ्या काकांना बसल्या असत्या."

महिनाअखेर होऊन गेली. घड्याळजी थांबला. त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. कारण पुढच्याच आठवड्यात दुकानाच्या दारातली घंटी वाजली आणि बदकंवाली बाई आत आली.

मी मशीनवर होते. सासूबाई कोपऱ्यात बसून बटणं निवडत होत्या. बाईने काही नमस्कार-चमत्कार केला नाही. अंगातला तो लोकरी कोट काढून माझ्यापुढे ठेवला.

"कोपरं गेलीत. अस्तर फाटलंय. होईल का?"

"होईल," मी म्हटलं. "बसा ना."

ती बसली. मी अस्तर उसवायला घेतलं. आत बघितलं तर कोट मुळात पुरुषाचा होता, कधीतरी कुणीतरी हाताने आखूड केलेला, टाके बोटभर लांब. नवऱ्याचा असावा. मी विचारलं नाही. नुसतं म्हटलं, "खांद्यात ढगळ आहे, आत घेऊ?"

"नको," ती म्हणाली. "खांदे राहू देत."

मग बराच वेळ दुकानात फक्त कात्रीचा आवाज. ती भिंतीवरचे दोरे बघत होती, सासूबाईंची बटणं बघत होती, माझे हात बघत होती. जमिनीबद्दल चकार शब्द नाही. मी कोपरांना आतून जाड कापडाची ठिगळं दिली, अस्तर नवं लावलं, खिशाला भोक पडलं होतं तेही सांधलं. काम करताना मनात एकच घोळत होतं: पैसे घेऊ नयेत. घेऊच नयेत. हिच्याकडे आपलं सगळं अडकलंय.

कोट इस्त्रीला नेताना मी सासूबाईंच्या कानाशी पुटपुटले, "राहू दे म्हणू का हिला?"

त्यांनी बटणांवरून नजर काढली नाही. "रोजचा दर सांग."

"पण आई—"

"फुकट दिलंस तर तिला वाटेल, बेसिनचे पैसे भरतेस. रोजचा दर. कमी नाही, जास्त नाही."

मी तसंच केलं. दर सांगितला. बाईने पिशवीतून पैसे काढून पुढ्यात ठेवले, कोट अंगात घातला, कोपर वाकवून बघितलं. मग परत खुर्चीत बसली.

"हे बरं केलंत," ती म्हणाली. "पैसे घेतले नसतेत तर मी तशीच घरी गेले असते आणि नाही म्हणून कळवलं असतं."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या एक बटण उजेडात धरून तपासत होत्या, जणू दुकानात दुसरं काही चाललेलंच नव्हतं.

"तो गोदामवाला येऊन गेला होता माझ्याकडे," बाई सांगू लागली. "ओढ्याला भिंत घालणार म्हणाला. माझी बदकं रोज त्या कडेने ओढ्यावर उतरतात. त्या घड्याळवाल्याचे काका होते तेव्हा कधी अडवलं नाही त्यांनी. तळं उन्हाळ्यात आटतं, मग ओढाच. तुम्हालाही लांबून बघितलं तेव्हा मला वाटलं, हेही भिंतवालेच. म्हणून बोलले नाही."

"आम्हाला भिंत कशाला हवी," मी म्हटलं.

"आज नको. उद्या तुमची मुलंबाळं म्हणतील. मला कागदावर हवं." तिने बोटाने टेबलावरच्या खडूच्या धुळीत एक रेघ ओढली. "त्या मोजणीवाल्या बाईने नकाशा दाखवला मला. ओढ्याकडची जी पट्टी कुंपणाच्या माझ्या बाजूला आहे, ती तुमच्यात निघते. ती मला द्या. बदकांची वाट माझी होईल. आणि स्वयंपाकघराखालची पट्टी तुम्ही घ्या. मला नुसतं बेसिन घेऊन काय करायचंय?"

हातात उगीचच कात्री धरून मी उभी राहिले.

"त्या दोन पट्ट्या सारख्या आहेत का?" सासूबाईंनी विचारलं. इतक्या वेळात त्यांचं पहिलं वाक्य.

बाई त्यांच्याकडे वळली. "माझीच थोडी जास्त जाते."

"मग ते बरोबर नाही. तो फरक मोजून घ्या आणि त्याचं काय करायचं ते ठरवा. आज तुमचं मन मोठं आहे. पण उद्या तुमच्यामागे कुणी विचारलं, आमच्या आजीने जास्त का दिलं, तर?"

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बदकंवाली बाई हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचा एक दात नव्हता आणि त्यामुळे ती एकदम खट्याळ दिसली. "फरकाची अंजिरं द्या मला," ती म्हणाली. "हद्दीवरचं ते टोकाचं झाड माझ्या बाजूला घ्या. काकांच्या वेळेपासून माझा डोळा आहे त्याच्यावर."

सासूबाईंनी चहा मागवला. दोघी बोलत बसल्या. कोणत्या थंडीत गुडघे जास्त दुखतात यावरून सुरुवात झाली आणि शेवटची बस निघायची वेळ झाली तरी संपेना. नवरा त्याच बसवर होता. त्याने तिला तिच्या दारापाशी उतरवलं आणि घरी आल्यावर मला म्हणाला, "मागून कुणीतरी आरडत होतं, ए पोरा, वळणावर हळू घे. बघतो तर ती. काय झालं काय?"

मी सांगितलं. तो जिन्यावरच बसला. मग वर जाऊन आईच्या खाटेजवळ उभा राहिला. त्या झोपायच्या तयारीत होत्या.

"आई," तो म्हणाला, "तुझी ती ठेव. मी परत भरेन."

"भर की. घाई नाही. सांगितलं ना, पुढे ढकललंय."

त्या रात्री त्याने आईचे पाय दाबले. लहानपणी दाबायचा म्हणे, मग कधी राहून गेलं ते त्या दोघांनाही आठवत नव्हतं.

पुढचं सरळ झालं, पण झटपट नाही झालं. अदलाबदल आधी घड्याळजी आणि बदकंवाली बाई यांच्यात, मग खरेदीखत आमच्या नावावर, असा क्रम मोजणीदार बाईंनीच सांगितला. त्यासाठी त्यांना पुन्हा येऊन नवी रेघ बेतावी लागली. तो दुसरा खर्च मी आणि नवरा कसा जुळवायचा याची चर्चा करत होतो, तर घड्याळजीने आधीच भरून टाकलेला. "पहिला तुमच्या आईंनी केला," तो म्हणाला. "त्यात माझंही नाव राहिलं. दुसरा माझा."

नव्या हद्दीवर दगड बसवायच्या दिवशी आम्ही सगळे होतो. मोजणीदार बाई, त्यांचा पट्टीवाला, घड्याळजी, आम्ही तिघं आणि बदकंवाली बाई. प्रत्येक दगडावर फुली कोरलेली. दगड रोवला की बाई विचारायच्या, "सगळ्यांना दिसतोय? सगळ्यांना मान्य?" आणि सगळे हो म्हणायचे, त्यात सासूबाई सर्वांत मोठ्याने. ओढ्याजवळचा दगड रोवला तेव्हा बदकं आलीच, रांगेने, आमच्या पायांतून वाट काढत पाण्यात उतरली. घड्याळजी बाजूला सरकला. म्हणाला, काकांच्या पायांतूनही ती अशीच जात असतील.

छप्पर आम्ही त्या वर्षी अर्धंच घातलं; निम्म्या पैशांतून आधी सासूबाईंची ठेव भरली. स्वयंपाकघरावरचं आधी, कारण खाली माझं मशीन होतं. बाकी अर्ध्याखाली पावसात खरोखरच घमेली ठेवली. नवऱ्याने एकदाही कुरकुर केली नाही. उलट कधी कधी पाणी ओतून टाकताना तो खिडकीपाशी थांबून बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "हे सगळं आपलं आहे. खरंच आपलं आहे." 'खरंच' या शब्दावर तो असा जोर द्यायचा की मला दर वेळी हात जोडावेसे वाटायचे. कुणाला, ते नेमकं सांगता येत नाही. सासूबाईंना, घड्याळजीला, मातीत गुडघे टेकलेल्या त्या बाईंना, आणि बेसिन परत देणाऱ्या शेजारणीला. एकाच वेळी इतक्या माणसांचे आभार मानायचे असले की मी सरळ कामाला लागते.

नवऱ्याचं मात्र एक वेड सुरू झालं. बसमध्ये कुणी जागा घेण्याच्या गोष्टी करताना त्याच्या कानावर पडलं की तो आरशातून बघून म्हणतो, "आधी मोजणी करा." खर्च ऐकून कुणी नाक मुरडलं तर त्याला अर्ध्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगतो. सिग्नलला सुरू केलेली गोष्ट पुढच्या थांब्यापर्यंत पुरते.

गेल्या महिन्यात एका दुपारी मोजणीदार बाई जवळच्या कुठल्याशा जमिनीवरून परतताना आमच्याकडे आल्या. बूट पडवीत काढले, आत आल्या, ओट्याला टेकून पाणी प्यायल्या.

"तुमच्या यजमानांमुळे मला सुट्टीचा दिवस उरलेला नाही," त्या म्हणाल्या. "जो फोन येतो तो बसमधल्या चालकाने सांगितलं म्हणून."

"मग मी सांगते त्यांना, जरा दमानं घ्या."

"नको, सांगू द्या." त्यांनी ग्लास विसळून पालथा घातला. "परवा एकांच्या मोजणीत विहीर दुसऱ्याची निघाली. घेण्याआधी कळलं. ती बाई माझा हात सोडेना."

बाहेर सासूबाई आणि शेजारीणबाई टोकाच्या अंजिराखाली खुर्च्या टाकून बसल्या होत्या. एक खुर्ची हद्दीच्या अलीकडे, एक पलीकडे. शेजारीणबाईंनी हाक मारून मोजणीदार बाईंना बोलावलं, आणि मी त्या तिघींसाठी चहा टाकायला उठले.